पोकळ वांगं

सकाळी साडेसातला मातीकामाच्या क्लासात शिक्षिका जिनलने भट्टीचं झाकण उचललं. साठीच्या सुनंदाबाईंचा जीव टांगणीला लागला. आत त्यांनी घडवलेलं पहिलंच मातीचं पोकळ वांगं होतं. “घरात वांगी कमी आहेत का? फुटलं तर क्लास बंद,” नवऱ्याने बजावलं होतं. पोकळ वस्तूला वाफ जायला भोक ठेवायचं, हे जिनलने शिकवलं त्या दिवशी सुनंदाबाई धरणगावला लग्नात होत्या. जिनलला ते काल आठवलं, तेव्हा भट्टी तापलेली होती. वांगं अख्खं निघालं. जिनलने उलटून पाहिलं, तर देठाखाली सात टोचे. “अक्का, हे कोणी शिकवलं?” “अगं, भरताचं वांगं न टोचता विस्तवावर ठेवतं का कोणी?” क्लास चालू राहिला. सोमवारी रंग देऊन वांगं पुन्हा भट्टीत जाईल. जिनलने जांभळा रंग कालवलाय. सुनंदाबाई म्हणतात, जळगावच्या भरताचं वांगं हिरवंच असतं.