चांगल्या दिवसाचा जोड

"लोट अजून," जिलियन म्हणाली. "जाईल आत."

क्लाइव्हने नाडी पार शेवटच्या भोकापर्यंत सैल केली आणि तिची टाच बुटात लोटली. इंग्लंडमधल्या मोरकॅमच्या किनाऱ्यावरच्या बाकावर ती बसली होती, तो तिच्यासमोर गुडघ्यांवर. तिच्या पायांना थोडीशी सूज आहे, असं तो महिनाभर सगळ्यांना सांगत होता. सोमवारी तिला इस्पितळात दाखल व्हायचं होतं. तिथून घरी येणं होईल की नाही, यावर दोघंही बोलत नव्हती. त्याआधी दगडी धक्क्याच्या टोकापर्यंत आपल्या पायांनी जायचं, एवढंच तिनं मागितलं होतं. आणि तेही याच बुटांत.

बूट तसे साधेच. घोट्याखालचे, निळ्या, मऊ सुएड चामड्याचे स्नीकर्स, पांढऱ्या तळव्याचे. सदतीस वर्षांपूर्वी फुटबॉलच्या सामन्यासाठी दोघं जर्मनीला गेली, तेव्हा घेतलेले. सारखे दोन जोड, एक त्याच्या मापाचा, एक तिच्या. दुकानात तिनं चार पावलं टाकली आणि हसून म्हणाली, "पायात काही घातलंय असं वाटतच नाही."

त्याचा जोड दर शनिवारी सामन्याला गेला. तिचा मात्र त्यानं खोक्यात ठेवायला लावला. स्नीकर्स जमवणाऱ्या त्याच्या दोस्तमंडळीत जुन्या पण एकदाही न घातलेल्या जोडाचा मान मोठा. लोक तो बघायला घरी येत. "चांगल्या दिवशी घाल," तो म्हणायचा. मुलीचं नामकरण झालं, पुढे तिचं लग्नही झालं. कुठलाच दिवस त्याला पुरेसा चांगला वाटला नाही. शहाणी माणसंही अशी वेड्यासारखी वागतात.

"चल," जिलियन उठली. "तुझ्या दोस्तांना कळलं तर सुतक पाळतील मेले."

तिसऱ्या पावलाला ती थबकली. मागे ओल्या फरशीवर पांढरे तुकडे पडले होते, शिळ्या केकसारखे. चौथ्या पावलाला उजव्या बुटाचा तळवाच गळून पडला. वर्षानुवर्षं खोक्यात पडून राहिलेल्या तळव्याचा आतून भुगा होतो, हे त्या मंडळीत सगळ्यांना ठाऊक होतं. आपल्या खोक्यातही तेच होत असेल, असं मात्र एकालाही वाटलं नव्हतं.

क्लाइव्हला तिच्याकडे बघवेना.

"चूक माझी," तो म्हणाला. "तुला घालायचे होते गं. मीच नको म्हटलं."

"तुझ्या पायातले बरे टिकले."

"वापरात राहिले म्हणून."

"मग काढ ते."

"दोन नंबर मोठे आहेत. पडशील."

"काढ म्हणते ना."

त्यानं काढले. रंग उडालेले, चवड्यावर चुण्या पडलेले, एकदा तळवा चिकटवून घेतलेले. ती पुन्हा बाकावर बसली. नुसत्या मोज्यांवर, ओल्या फरशीवर गुडघे टेकून त्यानं ते तिच्या पायांत चढवले आणि मनातल्या मनात विनवत राहिला, मोठे होऊ देत, टाचेमागे जागा उरू दे. दुकानदार बघतात तसं त्यानं टाचेमागे बोट घालून पाहिलं.

बोट आत गेलं नाही. नाडी सैल करावी लागली नाही, की आवळावी लागली नाही.

दोन नंबर मोठे बूट तिला नेमके बसले होते; सूज थोडीशी नव्हती. त्याच्या खांद्यावर हात टेकत जिलियन उठली आणि तिनं चार पावलं टाकली.

"ऊठ आता," ती म्हणाली. "पायात काही घातलंय असं वाटतच नाही."