मधली खुर्ची

"हनुवटी खाली घे गं, ठिगळ. चेहरा थोडाच तुझा राहणार आहे," मामा कॅमेऱ्यामागून म्हणाले.

तिने हनुवटी खाली घेतली. स्टुडिओच्या मालकाला सगळे मामा म्हणत आणि मामा तिला ठिगळ म्हणत, कारण तिचं कामच ते होतं. कुटुंबाच्या फोटोत एखादं माणूस कमी पडलं की त्याच्या जागी ती बसायची. कोणी परदेशी असायचं, कोणी रुसून घर सोडलेलं, कोणी वारलेलं. घरचे त्या माणसाचा जुना फोटो आणून द्यायचे आणि मामा नंतर कॉम्प्युटरवर त्याचा चेहरा तिच्या धडावर बसवायचे. आजवर ती कोणाची नणंद झाली होती, कोणाची मावशी, एकदा तर कोट चढवून कोणाचा धाकटा दीरसुद्धा. नाती खंडीभर, पण आपलं म्हणावं असं एक नाही. अनाथाश्रमातून बाहेर पडल्यापासून वसतिगृहातली एक खाट तेवढी तिची होती.

आज एक वयस्कर जोडपं आलं होतं. बाईंनी आल्या आल्या तिला विचारलं होतं, "वय काय गं तुझं?"

"एकोणीस."

"बघा," बाई यजमानांना म्हणाल्या. यजमानांनी नुसती मान हलवली. तिला बरं वाटलं. तिचं वय एरवी फॉर्म भरून घेणारेच विचारायचे.

ती मधल्या खुर्चीत बसली. गिऱ्हाइकं तिच्या खांद्यावर हात ठेवायची ते जपून, ओल्या रंगाला हात लावावा तसा. बाईंनी मात्र अख्खा हात टाकला, आणि आधी तिची बट कानामागे सारली.

"केस वाढवलेस ते बरं केलंस."

"पहिल्यापासून लांबच आहेत, काकू."

बाईंचं लक्ष नव्हतं. दुःखातली माणसं असं काहीबाही बोलतात, हे तिला सवयीने माहीत होतं. आई अशी बट सारत असेल का, एवढंच ती बघत राहिली. फोटो काढून झाला तरी तिला उठवेना.

"आता मुलीचा फोटो द्या, म्हणजे चेहरा बसवतो," मामा म्हणाले.

"फोटो नाही आणला. हिचाच राहू द्या."

"अहो, ही आमची इथली पोरगी आहे."

"हीच," बाई म्हणाल्या. मग तिचा हात धरून हळूच म्हणाल्या, "घरी ये गं आता. किती दिवस अशी बाहेर राहणार?"

यजमान बुटांकडे बघत होते. "रविवारी ये," ते म्हणाले. "फोटोही तूच घेऊन ये."

मामांनी फोटो तिच्याच चेहऱ्याचा छापला. तिने तो इतकेदा पाहिला की मामा म्हणाले, "अगं, झिजेल तो." पहिल्यांदाच ती एका कुटुंबात बसली होती आणि कोणी तिला पुसून टाकलं नव्हतं.

वसतिगृहात तिने कपडे भरायला घेतले तेव्हा वॉर्डनबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"हुरळली मेंढी, लागली लांडग्याच्या पाठी. कोणी ये म्हटलं की चाललं बोचकं बांधून?"

"तसं नाही हो. त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, हीच म्हणून."

"खाटेसाठी बाहेर रांग आहे. आज सोडलीस तर उद्या मिळायची नाही."

"द्या कोणालाही," ती म्हणाली. वॉर्डनबाईंचा आवाज मऊ झाला होता, पण तिने तिकडे लक्ष दिलं नाही. आयुष्यात एकदा तरी मागे न बघता निघायची तिची फार इच्छा होती.

रविवारी बाईंनीच दार उघडलं. "आलीस? हात धू, पानं घेतेच आहे," म्हणत त्या आत गेल्या. इतक्या सहज, की तिचे डोळे भरून आले.

यजमानांची नजर तिच्या बॅगेवर गेली आणि तिथेच राहिली.

"हे... सामान?"

"सगळं आणलंय, काका. खाट सोडून आले."

त्यांनी बॅगेवरची नजर उचलली. मग त्यांनी तिच्या हातून फोटो घेतला आणि म्हणाले, "ये. कुठे लावायचा ते दाखवतो."

आतल्या खोलीची एक भिंत फोटोंनी भरली होती. प्रत्येक फोटोत बाई आणि यजमान तसेच उभे, मध्ये तशीच खुर्ची, खांद्यावर बाईंचा तसाच अख्खा हात. पहिल्या खुर्चीत एक तान्ही मुलगी उशीला टेकवून बसवलेली होती, पुढच्यात वर्षाची, त्यापुढच्यात दोन वर्षांची; अशी मुलगी मोठी होत गेली होती, पण त्या पहिलीनंतर दर वर्षी खुर्चीत चेहरा निराळ्याच मुलीचा होता. यजमानांनी रांगेच्या टोकाला तिचा फोटो अडकवला. त्याच्या शेजारी पुढच्या वर्षीचा खिळा ठोकून तयार होता.