पत्र्यावरचा डाग

कुणाचा विश्वास बसणार नाही, पण त्या दिवशी आमच्या वायोमिंगात असं ऊन तापलं होतं की कुंपणाच्या काटेरी तारेचे काटे वितळून गळून पडले. त्यातच भावाच्या, ऑर्व्हिलच्या, छातीत कळ आली. त्याला त्याच्याच डिझेल पिकअपमध्ये घातलं आणि इस्पितळासाठी घाट चढायला लागलो. गाडीला मी स्वतः घडवलेला पोलादी बंपर होता. हरीण धडकलं तर हरणाचाच चुरा. इंजिनासमोरची जाळी काढून तिथे अख्खा पत्रा ठोकला होता, त्यावर आमच्या गुरांना ओळखीसाठी देतो तो डाग उठवलेला. निम्म्या घाटात इंजिन उकळलं आणि गाडी जागीच बसली. ऑर्व्हिल म्हणाला, "गाडी तुझ्यासारखीच निघाली रे, नुसती वाफ." तेच त्याचं शेवटचं बोलणं. आता उन्हापुढे कुणाचं काय चालतं?

मयताच्या जेवणाला जमलेले शेजारी हे ऐकून माना डोलावू लागले. ताटं मांडणारी भावजय डेल्फा थांबली.



"ऊन कुठलं, भावोजी? बर्फ पडत होता. इंजिनाचा वारा तुमच्या त्या पत्र्यानं अडवला."