एकतिसावी गाडी

गाडी झेब्रा क्रॉसिंगपाशी अडली आणि प्रश्न एका मुलीच्या पडद्यावर आला. समोर माणूस आहे, रस्ता ओलांडणार की थांबणार ते कळत नाही, काय करू? गाडीत चालक नव्हता, प्रवासीही नव्हता. ती मुलगी चारशे किलोमीटर दूर, दुसऱ्या शहरात, चौथ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये बसली होती. गोंधळलेल्या गाड्यांना वाट दाखवायची, हीच तिची नोकरी.

पडद्यावरचा माणूस फुटपाथच्या कडेला उभा होता. त्याने हात हलवून गाडीला खूण केली, तू जा आधी. गाडी जराशी पुढे सरकली. लगेच त्याने एक पाय रस्त्यावर टाकला. गाडी थांबली. त्याने पाय मागे घेतला आणि पुन्हा हात हलवला.

शेजारच्या खुर्चीवरची वाकून बघत म्हणाली की आले एकदाचे तुझ्याकडेही, 'आधी तुम्ही' आजोबा.

पाच दिवस हॉलमध्ये हाच विषय चालला होता. रोज दुपारी हा म्हातारा त्याच चौकात गाड्या अडवायचा. प्रत्येकाच्या वाट्याला तो येऊन गेला होता, फक्त तिला सोडून. माणूस हटला नाही तर गाडीच्या स्पीकरवरून एक ठरलेलं वाक्य स्वतःच्या आवाजात बोलायचं, असा नियम होता. कृपया बाजूला व्हा. ते ऐकलं की म्हातारा कान टवकारायचा, नकारार्थी मान हलवायचा आणि निमूट बाजूला व्हायचा. पुढची गाडी आली की पुन्हा आडवा. ना घोषणा, ना भांडण. वेडा म्हणावं तर कपडे इस्त्रीचे. कोणाला काही उमजत नव्हतं.

गटप्रमुखाला मात्र सगळं उमजलं होतं. ह्या गृहस्थाला सगळे पाठीमागे स्टॉपवॉच म्हणत. हे जुन्या टॅक्सीवाल्यांचं कारस्थान आहे, असं त्याने सकाळीच जाहीर करून टाकलं होतं. आता वाक्यबिक्य नाही, म्हातारा दिसला की थेट लाल बटण. लाल बटण दाबलं की पोलीस निघायचे.

तिने चित्र मोठं केलं. ते तिचे बाबा होते.

बाबा ह्या चौकात कशाला आले? टॅक्सीवाल्यांच्या नादी लागले म्हणावं, तर धंदा बुडतो म्हणून हा माणूस उभ्या आयुष्यात एका मोर्चाला गेला नव्हता. डोक्यावर परिणाम झाला म्हणावं, तर खुणा इतक्या नेमक्या कशा? की हे तिलाच हिणवणं होतं, बघ तुझी शहाणी गाडी? तिसरी शंका तिला सर्वांत जास्त लागली.

कारण भांडण गाडीवरूनच झालं होतं. पाच महिन्यांपूर्वी तिने नोकरीचं सांगितलं, तेव्हा तीस वर्षं टॅक्सी चालवलेल्या बाबांनी एवढंच विचारलं होतं, ही तुमची गाडी वाटेत अडली तर? तर ती मला विचारते, ती ऐटीत म्हणाली होती. तुला अजून धड रिव्हर्स घेता येत नाही, बाबा म्हणाले, आणि मला फोन करू नकोस. तिनेही केला नाही. बाप तशी लेक.

तसे बाबा घरात गप्पच असायचे. त्यांचं तोंड उघडायचं ते गाडीत. शाळेत सोडताना ती मागच्या सीटवर आणि ते पुढे, आणि सगळं बोलणं आरशात बघून. आई आता बरी होणार नाही, हेही त्यांनी तिला तसंच सांगितलं होतं, लाल सिग्नलला थांबलेले असताना.

"चाळीस सेकंद झाली," स्टॉपवॉच मागे येऊन उभा राहिला. "दाब लाल."

बाबा पोलिसांच्या गाडीत बसताहेत, हे तिला बघवलं नसतं. दाबलं नाही तर उद्या तिलाच घरी बसावं लागलं असतं. तिला कसलाच हिशोब लागेना. तिने बटणावरचं बोट उचललं आणि माईक सुरू केला.

"कृपया बाजूला..." एवढंच ती म्हणाली.

बाबांनी झटकन मान वर केली. ह्या वेळी ती नकारार्थी हलली नाही. ते फुटपाथकडे गेलेच नाहीत. सरळ गाडीच्या कडेला आले, खिडकीपाशी वाकले आणि बाजूच्या आरशात बघू लागले. पडद्यावर त्यांचा चेहरा मावेना. दाढी नुकतीच केलेली होती.

"जेवलीस?" त्यांनी विचारलं.

हॉलमधल्या दोघीतिघी आपापले पडदे सोडून तिच्याकडे बघत होत्या. मागे स्टॉपवॉच काहीतरी बोलत होता, ते तिला ऐकू येत नव्हतं.

"बाबा, अहो, फोन करायचा ना."

"फोनवर मला नाही जमत," बाबा आरशाला म्हणाले. "ही एकतिसावी गाडी. आधीच्या तीस गाड्यांत तू नव्हतीस."