फाटकापलीकडची टपरी

२००९ सालच्या सप्टेंबरात काशीबाई निकेतच्या सायबर कॅफेत सुरमई द्यायला गेली आणि डोक्यावरची टोपली उतरवायची विसरली.

निकेतला आगगाड्यांचं वेड होतं. मालवणात रेल्वे नाही. गाडी बघायची तर कुडाळ गाठावं लागे. म्हणून त्याने कोपऱ्यातला एक संगणक गाड्यांसाठीच ठेवला होता. कारवारच्या पलीकडे कुणा हौशी डॉक्टराने आपल्या गच्चीवर रुळांकडे तोंड करून कॅमेरा बसवला होता आणि त्याचं चित्र इंटरनेटवर दिवसभर दिसे. रूळ, फाटक, फाटकाशेजारी शहाळ्यांची टपरी. चित्र अडखळत येई. माणसाचा चेहरा तांदळाच्या दाण्याएवढा.

"मावशी, सुरमई देवक इलंस की गाडी बघूक?" निकेतने विचारलं.

काशीबाईची नजर पडद्यावर होती. पडद्यावरचा टपरीवाला ऊन अडवायची ताडपत्री ताणत होता. दोर कमरेला अडकवून तो मागे मागे चालत होता. मालवणच्या वाळूवर रापणीचं जाळं असंच ओढतात.

"ह्या उद्या पण दिसतला?"

"रोज दिसता. केरळची गाडी चार वाजता पास होता."

दुसऱ्या दिवशी ती चारला हजर झाली. तिसऱ्या दिवशीही.

तिचा नवरा शंकर रापणकार होता. सत्त्याण्णवच्या ऑक्टोबरात वादळ झालं, होडी उलटली. होडी मिळाली, शंकर मिळाला नाही. तेव्हापासून काशीबाई कुंकू लावत होती, हिरव्या बांगड्या भरत होती. हळदीकुंकवाला हिला बोलवायचं की नाही, हा शेजारणींना पेच पडे. त्या दारातून अर्धवट हाक मारीत आणि काशीबाई घरात काम असल्याचं सांगे.

आता बारा वर्षं भरत आली होती. बारा वर्षांत न परतलेला माणूस गेला असं धरायचं, दर्भाचा पुतळा करून त्याची क्रिया करायची. मुलगी विनीता एकवीस वर्षांची होती. तिचं मसुऱ्यात जमलं होतं, पण व्याह्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, आधी बापाची क्रिया, मग लग्न. धाकटा दीर गुरुदास भटजींकडून क्रियेचा दिवस काढून आला.

त्या संध्याकाळी काशीबाई म्हणाली, "भावजी, दिवस रवांदेत. मी ह्यांका बघलंय."

गुरुदासने हातातला चहा खाली ठेवला. तिने सगळं सांगितल्यावर तो म्हणाला, "वैनी, रापण काय आपणच वढतंव? कारवाराकडे पण वढतत."

"वढतत. पण तुम्ही एकदा बघा."

दुसऱ्या दिवशी चौघं त्या पडद्यासमोर दाटीने बसली. विनीताने आईचा पदर धरला होता. बापाचा चेहरा तिला आता फोटोतल्याएवढाच आठवत होता.

"नेट आज बरा आसा," निकेत हळूच म्हणाला.

फाटक पडलं. एक सायकलवाला थांबला. दोन बायका डोक्यावर भारे घेऊन उभ्या राहिल्या. शाळेतून आलेली दहाएक वर्षांची एक मुलगी टपरीत गेली, दप्तर आत ठेवून बाहेर आली आणि बाकावर पाय हलवत बसली. टपरीवाल्याने कोयता डोक्यावर उचलून शहाळं फोडलं आणि तिच्या हातात दिलं. गाडी आली. निकेत सवयीने डबे मोजू लागला आणि मधेच ओशाळून गप्प झाला.

गुरुदास पडद्याला नाक लावून बघत होता. "माका... माका कळणा नाय. उंची तशीच वाटता. वैनी, तू बोल. तू हो म्हण, आज रातच्या गाडीन जातंय आणि तेका हाताक धरून घेवन येतंय. ह्या लगीन रवला तर रवला."

"आये, सांग मा गो," विनीता म्हणाली.

काशीबाई बराच वेळ बघत राहिली. गाडी गेली, फाटक उघडलं, भारे घेतलेल्या बायका रूळ ओलांडून गेल्या.

"ह्यो आमचो न्हय," ती म्हणाली.

"कशावरून?" गुरुदासने विचारलं.

"कोयतो बघलास? ह्यांचो उजवो हात खांद्याच्या वर जाय नाय. दोराचो हिसको बसलेलो. शेवटच्या वर्सा मी रोज तेल चोळी."

"माका कधी बोललो नाय तो."

"खंयसून बोलतले? दुसऱ्याच दिवशी रापणीवरसून काढला असता तुम्ही लोकांनी."

गुरुदासने मान खाली घातली. विनीता रडायला लागली. काशीबाईने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि निकेतला म्हणाली, "बंद कर रे बाबा. डोळे दुखतत."

क्रिया ठरल्या दिवशी खाडीकाठी झाली. गुरुदासने दर्भाच्या पुतळ्याला अग्नी दिला. बांगड्या फोडायला शेजारणी पुढे आल्या, तेव्हा काशीबाईने त्यांना थांबवलं आणि दगडावर स्वतःच हात आपटला. ती रडली नाही. बाराव्या वर्षी रडायला काय उरणार, असं बायका आपसात म्हणाल्या. पुढे ती निकेतकडे मासळी द्यायला जाई, पण पायरीवरूनच हाक मारी, आत जात नसे.

मार्गशीर्षात विनीताचं लग्न झालं. ती मसुऱ्यातच आहे, तिला दोन मुलगे. गुरुदासने मरेपर्यंत दर वर्षी भावाचं श्राद्ध घातलं. कावळा तासन्‌तास शिवत नसे आणि तो पानावर बसलेल्यांवर चिडे. हाताहातांत मोबाइल आले तसा निकेतचा कॅफे बंद पडला, आता तो तारकर्लीला पर्यटकांना खोल्या देतो. काशीबाईने आणखी सात वर्षं मोकळ्या कपाळाने मासळी विकली आणि एका दुपारी बाजारातच बसल्या जागी गेली. शंकर हल्ली शहाळ्यांच्या टपरीवर कमी बसतो. मुलीच्या लग्नानंतर त्याने धंदा जावयाकडे सोपवला आहे.