कणभर बी गळत नाही

"कूलर बंद करा," शिवमने फर्मान सोडलं.

मे महिन्यात, अमरावतीत, कूलर बंद! पण नवे स्पीकर आले होते, चार मित्र जमले होते आणि 'परतवाडा गाडी' हा त्याने स्वतः केलेला अल्बम आज लॉसलेसमध्ये वाजणार होता.

"मोबाइलवर आयकता तो निरा चोथा," तो मित्रांना सांगत होता. "याच्यात कणभर बी गळत नाही. माइकनं जे आयकलं, ते सारं आयकू येते."

त्याची बायको दामिनी दाराशी उभी राहून धुमसत होती. अल्बम तिलाही जिवापाड आवडायचा, पण चौथं गाणं लागलं की तिचं डोकं फिरायचं. त्यात मागे एका बाईचा आवाज होता. मशीनमधून काढून गुळगुळीत केलेला, कुणा बाहुलीचा असावा तसा. लोकांनी गाणं डोक्यावर घेतलं ते त्या आवाजासाठी.

खरं तर तिथे आधी दामिनी गायली होती. याच घरात, स्वयंपाक टाकून. लग्न नुकतंच झालेलं. हिरवा चुडा आपल्या हाताने उतरवायचा नसतो, म्हणून तशीच माइकपुढे बसली. अकोल्याला माहेरी फोन करून सगळ्यांना सांगूनही टाकलं. आठवड्याने शिवम म्हणाला, "तुह्या बांगड्यायनं सारा सत्यानाश केला. पुसून टाकलं. पुण्याच्या एका पोरीकडून गाऊन घेतलं." माहेरी ती तोंडघशी पडली. त्या न पाहिलेल्या पोरीला तिने वर्षभर मनातल्या मनात शिव्या घातल्या.

चौथं गाणं सुरू झालं. त्या बाईचा आवाज आला. त्याच्यामागे बारीक किणकिण. दामिनीने कान टवकारले. पुण्याच्या पोरीही बांगड्या घालत असतील, तिने स्वतःला दटावलं.

तेवढ्यात दोन ओळींच्या मधून, लांबून पण लख्ख आवाज आला: "दामिने, कुकर बंद कर वं!"

शिवमचा हात बटणाकडे झेपावला. दामिनीने त्याचं मनगट गच्च धरलं. स्पीकरमधली किणकिण आता तिच्या हातातही वाजली.

"राहू द्या," ती म्हणाली. "कणभर बी गळू द्याचं नाही."

मित्र एकमेकांकडे बघू लागले. सोफ्यावर बसलेल्या सासूबाई, सुभद्राबाई, आपलाच आवाज ऐकून उठून उभ्या राहिल्या होत्या.

"काहून रे शिवम," त्या म्हणाल्या, "त्या पुण्याच्या पोरीचा कुकर माह्या गॅसवर होता काय?"