घरातला वास

बुटांच्या कारखान्यात तो दिवसभर सोल्युशन लावून सोल चिकटवायचा. इतक्या वर्षांत त्याच्या नाकाला तो वास कळेनासा झाला होता. कळायचा तो बायकोला.

"आला तुमचा कारखाना घरात!" ती नाक मुरडायची. "उशीला वास, पडद्यांना वास. चादर कालच धुतली होती हो मी!"

तो निमूटपणे कारखान्यातच कपडे बदलू लागला. तिथल्या नळावर कोपरापर्यंत हात घासायचा आणि घरी आल्यावर पुन्हा अंघोळ करायचा. कातडी सोलवटली, तरी बायकोची तक्रार काही थांबेना.

"पुरे ना गं आई," कॉलेजात जाणारी लेक मध्ये पडायची. "बाबांच्या कष्टाचा वास आहे तो."

त्याला भरून यायचं. किती समजूतदार पोर! हल्ली तिचं डोकं दुखायचं, ती फार विसरायची, ओठांभोवती पुरळ उठायचं. अभ्यासाचा ताण, दुसरं काय.

एका दुपारी ती तिच्या खोलीत पडलेली सापडली. हातात प्लॅस्टिकची पिशवी होती आणि पिशवीत सोल्युशनने भिजलेला बोळा. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

"हे हुंगताना हृदय एकाएकी बंद पडू शकतं," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. "घरात कधी कुणाला वास नाही आला?"

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं.

"यायचा, साहेब," तो म्हणाला. "ही रोज सांगायची. मी रोज अंघोळ करायचो."